पाइपामागचा खांब

फोन आला तेव्हा मी मोरीच्या जाळीत अडकलेली भाताची शितं काढत होते. या कामाची मला आयुष्यभर शिसारी आहे आणि तरी मी ते रोज करते, कारण दिगूदादा एकदा आमच्या धारच्या घरी आला तो पाणी पिण्याआधी मोरीच बघायला गेला होता आणि म्हणाला होता, "सुमे, मोरीतून गेलेलं शीत नाहीसं होत नाही. ते कुणाच्या तरी दारात जातं." तेव्हापासून एक शीत जरी खाली गेलं तरी ते थेट देवासला त्याच्या दारात जाऊन उभं राहणार असं मला वाटायचं. हात पदराला पुसून मी फोन घेतला. पलीकडे कुंदावहिनी होत्या. "वन्सं, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा मागितला होता, चहा पुढ्यात येईपर्यंत खुर्चीतच मान कलली... मी पुढे काय बोलले ते आठवत नाही. जाळी मोरीत उलटी पडून राहिली होती, हे मला परत आल्यावर दिसलं.

दिगंबर मुळ्ये माझा मामेभाऊ. मामा साताऱ्याकडून देवासला कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. माझी आई त्यांच्याही आधी धारच्या जुन्या दरबारी घराण्यात लग्न होऊन आलेली. मी धारला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि दादा देवासजवळच्या एका सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात इंजिनियर होता. प्रकल्प एका खाजगी कंपनीने चालवायला घेतलेला. तिचं नाव मी लिहीत नाही, लिहायची लायकीही नाही तिची. इंदूरला बस बदलून मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. खुंटीला दादाचा आदल्या दिवशीचा शर्ट होता. कुणीतरी तो घडी करायला काढला आणि खिशातून काडेपेटी खाली पडली. झालं. समोरच्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकजण दुसरीच्या कानात बोलली, पण मला ऐकू जाईल इतक्या जोरात, की मुळ्येजी बिडी पीत होते म्हणजे, छाती त्यानेच गेली असणार.  वहिनींनी उठून काडेपेटी उचलली, कमरेला खोचली आणि परत जागेवर येऊन बसल्या.

दादाने जन्मात बिडी ओढली नाही. त्याच्या अंगाला वास यायचा तो वेगळाच. तरुणपणी त्याला पहिली नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात लागली, तिथलं घाण पाणी स्वच्छ करण्याच्या विभागात. देवासहून रोज जाणं शक्य नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे धारला राहिला. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी आला की आई आतून ओरडायची, "दिग्या, मागच्या नळावर जा." तिने त्याचे कपडे वेगळे, साबण वेगळा, बादलीसुद्धा वेगळी केली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि नाकाला ओढणी लावून त्याच्यासमोरून जायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. तो जेवताना सांगायचा की आज टाकीतल्या जंतूंची तब्येत सुधारली, काल त्यांचा रंग काळपट होता, आज छान तपकिरी आहे. आई ताटावरून उठायची. मी एकदा चिडून विचारलं, तुला किळस नाही का रे येत? तो म्हणाला, येते की, पण या वासाची नाही. घाण वासाचं एक बरं असतं, तो लपवालपवी करत नाही. त्या वेळी मला ते वेड्याचं बोलणं वाटलं होतं.

मुलगी बघायला गेला तेव्हाही तेच. इंदूरला कुंदावहिनींच्या घरी आम्ही सगळे गेलो होतो. पोहे आले, जिलबी आली, आणि त्यांच्या वडिलांनी सहज विचारलं की चिरंजीव नक्की काय काम करतात. आईने त्याच्याकडे डोळे वटारले होते, तरी त्याने मांडी बदलली आणि सुरू केलं. घाण पाण्यात जंतू असतात, त्यांना हवा दिली की ते घाण खातात, पोट भरलं की तळाशी बसतात, वर उरतं ते स्वच्छ पाणी. पोह्यांवरचं सगळ्यांचं लक्ष उडालं. वडिलांनी प्लेट खाली ठेवली. आता उठा, असं मी मनात म्हणत असतानाच कोपऱ्यातून मुलीने विचारलं की हवा कमी पडली तर त्या जंतूंचं काय होतं? दादाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं असेल ते तेव्हाच. लग्न तिथेच ठरलं, बाकीच्या गोष्टी मोठ्यांनी नंतर बोलून घेतल्या.

वहिनींनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न हेच पुढे दादाचं आयुष्य झालं. देवासच्या प्रकल्पात तो गेला तेव्हा तिथे वसाहतीचं आणि काही सोयाबीन कारखान्यांचं सांडपाणी यायचं. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होऊन बाहेर पडायचं आणि बाकी सगळे त्यावर खूश होते. दादा मात्र पाण्याकडे कमी आणि पाण्याच्या वर जास्त बघायचा. तो मला सांगायचा की हवा कमी-जास्त झाली की जंतू एक वायू सोडतात, दात काढताना पूर्वी हुंगायला द्यायचे तो, हसवणारा. आणि तळाशी बसलेला गाळ हवेशिवाय बंद टाकीत कुजतो, त्यातून मिथेन निघतो. दोन्ही वायू वर जातात आणि धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी पृथ्वी तापवतात. आणि सुमे, दोन्हींना वास नाही. हे तो असं सांगायचा, जसं काही घरात साप शिरलाय आणि कुणी ऐकत नाहीये. मी वर्गात मुलींना हरितगृह वायू शिकवायचे, फळ्यावर बाण काढून. पण ते वायू आमच्याच मोरीच्या दुसऱ्या टोकाला निघतात, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

लोकांना त्रास होता तो वासाचा. वसाहतीतल्या लोकांनी तक्रार केली, मोर्चा आणला. त्यावर कंपनीने काय करावं? कुंपणाच्या भिंतीवर बारीक नळ्या बसवल्या आणि त्यांतून गुलाबाच्या वासाचं पाणी फवारायला सुरुवात केली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी एकदा तिथे गेले होते तेव्हा तो वास घेतला आहे. नुसती घाण परवडली, पण घाणीवर शिंपडलेला गुलाब... घरी येऊन मी आधी लिंबू चोखलं. लोक मात्र गप्प बसले. काही जणांनी आभाराचे फलकही लावले. दादा म्हणायचा, ज्याला वास आहे त्याची भीती नाही गं, तो ओरडून सांगतो. ज्याला नाही त्याचं बघा म्हणतोय मी, तर हे अत्तर आणतात.

तिथे एक रीतच पडली होती. तपासणीला कुणी मोठा साहेब यायचा असला की हवेचे पंखे पूर्ण जोरात सोडायचे. टाकी दूध उतू गेल्यासारखी फसफसायची, पांढरा फेस वर यायचा, साहेब कठड्यावर हात ठेवून वा वा म्हणायचे. गाडी फाटकाबाहेर पडली की विजेचं बिल वाचवायला पंखे बंद. जंतू बिचारे एकदा गुदमरायचे, एकदा फुगायचे, आणि त्या ओढाताणीत तो हसवणारा वायू सगळ्यात जास्त निघायचा. दादाने यावर मोठा लढा वगैरे दिला नाही, तो लढणाऱ्यातला नव्हताच. त्याने पाळीवरच्या माणसांना समजावलं, पंख्यांचं चालू-बंद टाकीतल्या हवेच्या मापावर बांधून टाकलं, आणि हवा दिवसभर एकसारखी ठेवायला लागला. वीजही कमी लागली. त्यावर व्यवस्थापकांनी त्याला झापलं, की साहेब आले तेव्हा टाकी शांत होती, फेस दिसला नाही, प्रकल्प बंद आहे की काय असं त्यांनी विचारलं. ही गोष्ट त्याने मला हसत हसत सांगितली. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

पण खरी किळस आली ती ज्योतीच्या दिवशी. गाळाच्या टाकीतून निघणारा मिथेन बाहेर सोडून देण्याऐवजी जाळावा, हे दादाचं बरेच दिवसांचं म्हणणं होतं. खरं तर त्या वायूवर वीज करता येते, तेच करायला हवं, जाळणं हा निव्वळ गरिबाचा उपाय, असंही तो म्हणायचा. वीज करायचं यंत्र आलंही होतं, ते ताडपत्रीखाली गंजत पडलं. शेवटी निदान जाळायला तरी मंजुरी मिळाली. उंच पाइप उभा राहिला, टोकाशी जाळी. उद्घाटनाला मंडप, हार, कलाकंदाची खोकी, सगळं आलं. आदल्या दिवशी दादाने पेटवून बघितलं, छान जळत होतं. पण मिथेनची ज्योत निळी, फिकी. भर उन्हात ती दिसतच नाही. व्यवस्थापकांनी येऊन मान वर केली आणि म्हणाले, मुळ्येजी, इसमें तो कुछ दिख ही नहीं रहा, पाहुण्यांना काय दाखवायचं? मग त्यांनीच तोड काढली. पाइपाच्या शेजारी दुसरा बारका पाइप लावला, त्याला खालून स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर जोडलं आणि सिलिंडरभोवती झेंडूच्या माळा लावून ते झाकलं. पाहुण्यांनी कळ दाबली, पिवळीधमक ज्योत भडकली, टाळ्या, फोटो. खऱ्या पाइपाची झडप त्या गडबडीत कुणी उघडलीच नाही. घाणीतून ऊर्जा, असं भाषण चाललं होतं आणि घाणीतला वायू तिकडे टाकीच्या टोपीतून गुपचूप वर जात होता. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच.

मी त्या दिवशी देवासलाच होते. दादा घरी आला, कलाकंदाचं खोकं त्याच्या हातात होतं. ज्या माणसाने गाळाच्या टाकीच्या काठावर बसून वर्षानुवर्षं डबा खाल्ला, त्याने ते खोकं ओट्यावर ठेवलं आणि तो न्हाणीघरात जाऊन ओकला. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. तोंड धुऊन आल्यावर तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वास नव्हता गं तिथे. कसलाच वास नव्हता." कलाकंद आम्ही कुणीच खाल्ला नाही, वहिनींनी तो गल्लीतल्या गाईला घातला.

त्यानंतर लवकरच काडेपेटी खिशात आली. वायू पेटवायची विजेची ठिणगी थोड्याच दिवसांत बिघडली होती आणि ती दुरुस्त करायची कुणाला घाई नव्हती, कारण फोटो निघून गेले होते. वारा जोरात आला की ज्योत विझायची, आणि विझली तरी कुणाला कळायचं नाही, कारण जळत असतानाही ती दिसत नव्हतीच. मग दादा रोज सकाळी आधी पाइपाकडे जायचा. वाऱ्याची दिशा बघून लांब सळईच्या टोकाला चिंधी बांधून ती डिझेलमध्ये बुडवायचा, पेटवायचा आणि सळई वर धरायचा. कैलाश नावाचा ऑपरेटर सोबत असायचा. निवृत्त झाला तरी हे सुटलं नाही. फिरायला जातो म्हणून निघायचा, मंदिरातल्या म्हाताऱ्यांबरोबर देवीच्या टेकरीवर जाण्याऐवजी उलट्या दिशेने प्रकल्पाकडे. कैलाश त्याला आत घ्यायचा. वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, घरातली देवाची ज्योत मी लावते आणि तिकडची हे लावतात, दोघांनाही पगार नाही.

मला तो एकदा दाखवायला घेऊन गेला होता. मी पाइपाच्या टोकाकडे बघत राहिले, डोळे दुखायला लागले, काही दिसेना. मी म्हटलं, दादा, हे जळतंय यावर मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा का? तो म्हणाला, ज्योतीकडे बघू नकोस, पलीकडच्या खांबाकडे बघ. पाइपाच्या मागे कुंपणापलीकडे विजेचा सिमेंटचा खांब होता. मी त्याच्याकडे बघितलं. पाइपाच्या टोकाच्या वर खांबाचा जेवढा भाग दिसत होता तेवढाच थरथरत होता, पाण्यात बघितल्यासारखा. "झाड वाऱ्यानेही हलतं," दादा म्हणाला, "खांब कशाला हलेल? खांब हलताना दिसला म्हणजे पेटलंय." मी विज्ञानाची शिक्षिका, तापलेली हवा प्रकाश वाकवते हे मी शेकडो मुलींना शिकवलेलं. तरीही मी तिथे उभी राहून लहान पोरीसारखी बघतच राहिले. परत जाताना तो त्या भिंतीवरच्या गुलाबाच्या फवाऱ्याखालून झपाझप चालला, श्वास रोखून.

अस्थी नर्मदेत सोडायला आम्ही नेमावरला गेलो. घाटावर नेहमीचं ओलं निर्माल्य, साबणाची वेष्टणं, त्यातून वाट काढत खाली उतरलो. गुरुजींना दिवा लावायचा होता, त्यांची काडेपेटी सर्दावली होती. कुणीतरी वहिनींच्या कमरेकडे बघून म्हणालं, तुमच्याकडे आहे की. वहिनी म्हणाल्या, ही नको, दुसरी बघा. बोलण्यात राग नव्हता, पण पुन्हा मागायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी पलीकडच्या एका नावाड्याकडून आणली. परतीच्या वाटेत वहिनी जीपच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि एकदम म्हणाल्या, वन्सं, तिकडे कुणी पेटवत असेल का हो? मी म्हटलं, कैलाश आहे ना. माझा माझ्याच बोलण्यावर विश्वास नव्हता.

तेराव्यानंतरच्या रविवारी कंपनीने प्रकल्पात शोकसभा ठेवली. तुम्ही आलंच पाहिजे म्हणून वहिनींना गाडी पाठवली. पुन्हा तोच मंडप. टेबलावर दादाचा हार घातलेला फोटो, शेजारी उदबत्त्यांचा जुडगा आणि कमी पडू नये म्हणून खोलीत मारायचा सुगंधी फवारा. ज्या व्यवस्थापकांनी फेस दिसत नाही म्हणून त्याला झापलं होतं, तेच आता फोटोला हात जोडून बोलत होते. मुळ्येजी या प्रकल्पाचे प्राण होते, पर्यावरणाचे सेवक होते... प्राण होते तर जिवंतपणी ठिणगीचा एक सुटा भाग का आणून दिला नाही, असं विचारायला मी उठणार होते. वहिनींनी माझा हात धरून ठेवला. मग व्यवस्थापकांनी जाहीर केलं की मुळ्येजींच्या आठवणीसाठी इथे एक स्मृती-ज्योत कायम तेवत राहील, आणि श्रीमतीजींनी ती आपल्या हाताने प्रज्वलित करावी. मी मान वळवून बघितलं. मोठ्या पाइपाशेजारचा तोच बारका पाइप, नवा सोनेरी रंग दिलेला. खाली झेंडूच्या माळा, आणि माळांमधून सिलिंडरची लाल कड दिसत होती.  मेलेल्या माणसाच्या नावानेही यांना तीच युक्ती सुचावी? दुसरं काही नाही तर निदान सिलिंडर तरी नीट झाकायचं होतं.

वहिनी उठल्या. व्यवस्थापकांनी तबकातलं लांब लायटर पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. सोनेरी पाइपाला वळसा घालून त्या सरळ मोठ्या पाइपापाशी गेल्या, कमरेची काडेपेटी काढली आणि मागे उभ्या असलेल्या कैलाशला म्हणाल्या, "भिया, वो सळई लाओ." कैलाशने साहेबांकडे बघितलं, मग वहिनींकडे, आणि तो शेडमधून सळई आणि डिझेलचा डबा घेऊन आला. झडप बंदच होती, अर्थात. दादा गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. कैलाशने चिंधी बांधली, वाऱ्याकडे बघितलं, झडप उघडली. वहिनींनी काडी ओढली, पहिली विझली, दुसरी ओढली, चिंधी पेटली आणि कैलाशने सळई वर नेली. भप्प असा आवाज झाला, बाकी काही नाही. कॅमेरेवाला पुढे आला, मान उंचावून बघत राहिला आणि म्हणाला, मैडम, फोटो में कुछ नहीं आ रहा, दिख ही नहीं रहा.

"दिखेगा नहीं," वहिनी म्हणाल्या. "पीछे का खंभा देखो."

सगळा मंडप खांबाकडे बघायला लागला. खांब थरथरत होता. काहींना कळलं, बऱ्याच जणांना नाही, आणि व्यवस्थापकांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या, मग त्यांनी स्वतःच जाऊन लायटरने सोनेरी पाइपाची पिवळी ज्योतही पेटवली. दोन्ही जळत राहिल्या, एक दिसत होती आणि एक नव्हती. कचोऱ्या आल्या, त्या आम्ही घेतल्या नाहीत. गाडीत बसताना वहिनींनी काडेपेटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, माझं आता इकडे यायचं होणार नाही, वन्सं. तुम्ही मला भेटायला येता ना, तेव्हा वाटेत उतरून बघत जा.

मी बघते. इंदूरहून येणारी बस तिथल्या वळणावर सोडते, पुढे थोडं चालावं लागतं. पहिल्या वेळी गेले तेव्हा दुरूनच पिवळी ज्योत दिसली, छान फडफडत होती. भिंतीवरून गुलाब गळत होता. मी पाइपाच्या मागे बघितलं. खांब सरळ, स्वच्छ, नुकताच रोवल्यासारखा स्थिर उभा. कैलाशला फाटकाशी बोलावून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मैडमजी, साब ने कहा, मुळ्येजी के नाम की एक जल री है ना, दो-दो का क्या करना. सिलिंडर तो टाइम पे आ रिया है." म्हणजे दादाची स्मृती तेवत ठेवण्यासाठी यांनी दादाची ज्योत विझवली होती. इतक्या वर्षांत मी बरीच घाण बघितली, गाळाच्या टाकीत वाकून बघितलं आहे, पण पदर नाकाला लावावासा वाटला तो त्या झेंडूच्या माळांपाशी.

मी पर्स उघडून दादाची काडेपेटी काढली. कैलाशला म्हटलं, साहेबांचं राहू द्या, मुळ्येजींच्या बहिणीने सांगितलं म्हणा. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि सळई आणायला गेला. मी खांबाकडे तोंड करून उभी राहिले, आणि थोड्या वेळाने खांब हलायला लागला. वाण्याकडून आणलेल्या नव्या काडेपेट्या मी कैलाशला दिल्या. तो रोज पेटवतो म्हणाला, पण खरंच पेटवतो का ते मला माहीत नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा खांब हलत होता, त्याच्या आधीच्या वेळी नव्हता. दादाची काडेपेटी मात्र मी माझ्याकडेच ठेवली आहे. तिच्यामुळे माझ्या पर्सला, रुमालाला, चष्म्याच्या डबीलाही गंधकाचा वास लागला आहे. परवा बसमध्ये शेजारच्या बाईने नाक वाकडं करून माझ्याकडे बघितलं आणि ती थोडी सरकून बसली... मी पर्स बंद केली नाही. ज्याला वास आहे त्याची भीती नाही.